एक पेन, दोन डोकी: परकीय भाषेच्या वर्गात मुलांकडून मिळून लिहून घेताना

प्रश्न असा आहे: एक शिक्षिका माध्यमिक वर्गाला जर्मन शिकवतात. मुलांचं भाषेचं दुसरं वर्ष, वर्गात 38 जण. मिळून लिहिल्याने भाषा पक्की होते असं एका प्रशिक्षणात ऐकलं, म्हणून त्यांनी पाच-सहा जणांचे गट केले आणि 'सुट्टीतला प्रवास' या विषयावर गोष्ट लिहायला दिली. प्रत्येक गटात एकाने लिहिलं, एकीने शीर्षकाभोवती वेलबुट्टी काढली, बाकीच्यांनी गप्पा मारल्या. सगळ्यांना सारखे गुण दिले, तर लिहिणाऱ्या मुलांचे पालक भेटायला आले. पुढच्या वेळी ऑनलाइन दस्तऐवजात लिहायला सांगितलं, तर अर्धे उतारे सरळ भाषांतर करणाऱ्या यंत्रातून उतरलेले. त्या विचारतात, हा नाद सोडून द्यावा का? आणि सोडायचा नसेल तर गुण कसे द्यायचे?

सोडू नका. मी 24 वर्षं याच वयाच्या मुलांना हीच भाषा शिकवते आहे आणि पहिली सहा-सात वर्षं माझ्या वर्गातही अगदी हेच चित्र होतं, वेलबुट्टीसकट. तुमच्या मुलांचं काही चुकलेलं नाही. पाच जणांना एक कागद दिला की तो एकाच्या पुढ्यात जातो, आणि उरलेल्या चौघांना तो उलटा दिसतो. उलटा दिसणारा मजकूर, तोही परक्या भाषेतला, कोण कशाला वाचेल? आयत्या बिळावर नागोबा म्हणून आपण त्या चौघांना बोल लावतो, पण बीळ आपणच खणून दिलेलं असतं. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी-अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावून ताकद मोजली होती. 1913 मध्ये छापलेले त्याचे निष्कर्ष असे की माणसं वाढवावीत तसा प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. दोरीचं हे, तर वाक्याचं काय होणार! वाक्य ओढायला पाच जण लागतच नाहीत. म्हणून पहिली गोष्ट: दोघं. वर्गसंख्या विषम असेल तेव्हाच एक तिघांचा गट, आणि चौघांचा कधीच नाही, कारण चौघं म्हणजे दोन गप्पा मारणाऱ्या जोड्या.

पण नुसता आकडा बदलून भागणार नाही. मिळून लिहिण्यातून नेमकं काय मिळवायचं आहे, ते आधी डोळ्यांसमोर असलं पाहिजे. मलाही ते उशिराच कळलं. मी त्या कागदाकडे बघत राहायचे: किती छान लिहिलं, किती चुका, अक्षर कसं. एके दिवशी घसा बसला होता, बोलता येत नव्हतं, म्हणून दोघांच्या बाकामागे नुसती उभी राहिले आणि ऐकत बसले. त्यांनी माझ्या तोंडून एक छोटा उतारा दोनदा ऐकला होता (घशातून जेमतेम निघाला तेवढा) आणि आता तो आठवून पुन्हा उभा करायचा होता. मुलीच्या हातात पेन, मुलगा सांगत होता. भाषेचं दुसरंच वर्ष. 'आम्ही आगगाडीने गेलो' या वाक्यावर अडली होती. त्यांचं बोलणं मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवून ठेवलं, ते असं:

"वीर हाबन मिट डेम त्सूग गेफारन. लिहू?"

"हाबन नाही, झिंट."

"का? हाबन गेगेसन, हाबन गेश्पील्ट, सगळीकडे हाबनच असतं."

"जाण्या-येण्याला झिंट लागतं. वीर झिंट गेगांगन, तसं. आगगाडीने गेलो म्हणजे गेलोच ना."

"बरं." तिने लिहिलं. मग पेन वर. "आणि पुढे संध्याकाळी नाचलो ते? नाचतानाही हलतोच की."

"हं... मग तिथेही झिंट. झिंट गेटान्त्स्ट."

"ऐकायला कसंतरीच वाटतंय. मॅडमनी वाचलं तेव्हा हाबन होतं. हे बघ, मी पहिलं अक्षर टिपलंय."

"मग नाचणं म्हणजे हालचाल नाही का?"

"आहे रे. पण नाचून आपण कुठे पोचतो का? तिथल्या तिथेच असतो."

"म्हणजे कुठेतरी पोचलं तरच झिंट."

मिनिटभराचाही मामला नव्हता. जर्मन येत नसलेल्यांसाठी सांगते: भूतकाळ करताना बहुतेक क्रियापदांना 'हाबन' हे सहाय्यक क्रियापद लागतं, पण काहींना 'झाइन' लागतं, आणि 'आम्ही'बरोबर त्याचं रूप 'झिंट' होतं. मी फळ्यावर नियम लिहिला होता, 'हालचालीच्या क्रियापदांना झाइन'. तो ढोबळ होता, आणि तो या दोघांनी माझ्यादेखत सुधारला. मुलाला नियम आठवत होता, मुलीला उदाहरण आठवत होतं. दोन्हींची टक्कर झाली तेव्हा जागा बदलण्याची अट त्यांना सापडली. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं की नाचत नाचत दालन पार केलं तर नाचण्यालाही झाइनच लागतं, कारण आता आपण कुठेतरी पोचलो. त्या मुलीने शेजाऱ्याकडे असं काही पाहिलं की बस्स. ('राहणे', म्हणजे 'ब्लायबन', तसूभर न हलताही झाइन घेतं, हे मी त्या दिवशी मुद्दाम लपवलं. आनंदावर विरजण किती घालायचं यालाही मर्यादा असते.)

ही कुजबुज हेच या सगळ्या उद्योगाचं उत्पन्न. कागदावरची पाच वाक्यं तिच्यामुळे निर्माण झालेला गाळ म्हटला तरी चालेल. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच माध्यमातून शिकत होती; त्यांना ऐकलेलं-वाचलेलं जवळजवळ फ्रेंच घरातल्या मुलांइतकंच समजायचं, पण बोलताना-लिहिताना व्याकरण लंगडं पडायचं. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये यावरून मांडलं की समजण्यासाठी अर्थ लागला की पुरतं, पण वाक्य घडवायचं म्हटलं की आपल्याला काय येत नाही ते उघडं पडतं. नंतर त्यांनी आणि शॅरन लॅपकिन यांनी आठवीच्या मुलांच्या जोड्यांचं बोलणं टिपून, त्यात मुलं स्वतःच्या भाषेबद्दल थांबून बोलतात असे तुकडे वेगळे काढले. कुठलं रूप, कुठला शब्द, स्पेलिंग काय, असल्या छोट्या अडखळण्या. वर दिलेला संवाद तसाच एक तुकडा. एकट्याने लिहिताना हे अडखळणं मनातल्या मनात होतं, आणि बहुतेक वेळा होतच नाही. मूल पहिलं सुचलेलं रूप लिहून पुढे जातं. शेजारी कुणीतरी "का?" विचारणारं असलं की थांबावं लागतं.

तेव्हा जोडीने लिहायचं काम योजताना मी स्वतःला एकच विचारते: यात ती दोघं कुठे अडतील आणि अडल्यावर एकमेकांशी बोलल्याशिवाय सुटका नाही, असं काही आहे का? 'सुट्टीतला प्रवास' या विषयात तसं काही नाही. तिथे अडलं की मूल रस्ता बदलतं, सोपं वाक्य लिहितं, आगगाडी येत नसेल तर सायकलने जातं.

पेनाचा नियम माझ्या वर्गात असा आहे. पेन एकच. ज्याच्या हातात पेन त्याने स्वतःच्या मनाचं अक्षरही लिहायचं नाही; जोडीदार सांगेल तेच लिहायचं. पटलं नाही तर पेन वर उचलून थांबायचं, आणि पटेपर्यंत खाली टेकायचं नाही. दोन-तीन वाक्यांनंतर पेन बदली. ज्याला जास्त येतं त्याच्या हातात पेन आधी देऊ नका, नाहीतर तो सुटतोच. कच्च्या मुलाच्या हातात पेन असलं की हुशाराला सांगावं लागतं, आणि सांगताना त्याला कळतं की आपल्यालाही नीट येत नाही. ही युक्ती दहा-बारा मिनिटं उत्तम चालते. त्यानंतर मुलं कंटाळून "दे इकडे, मी लिहितो" वर येतात. म्हणून काम तेवढंच लहान ठेवा. 60 ते 80 शब्दांचा मजकूर दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एका तासाला पुरून उरतो.

जोड्या कशा लावायच्या याबद्दल माझं मत बहुतेक सहकाऱ्यांच्या उलट आहे. वर्गातलं सगळ्यात हुशार मूल आणि सगळ्यात मागे पडलेलं मूल अशी जोडी लावायचा मोह होतो. आपल्याला वाटतं, एक तारेल, दुसरा तरेल. प्रत्यक्षात पहिला हुकूम सोडतो नाहीतर स्वतःच सगळं उरकतो, आणि दुसरा मान डोलावतो. मेलबर्न विद्यापीठातल्या नेओमी स्टॉर्च यांनी 2002 मध्ये मोठ्या विद्यार्थ्यांच्या जोड्यांचं निरीक्षण करून चार तऱ्हा सांगितल्या: दोघं खरोखर मिळून करणारे, दोघंही आपलंच खरं करणारे, एक हाकणारा आणि एक हाकला जाणारा, आणि एक जाणकार, जो दुसऱ्याला सोबत घेऊन चालतो. पहिली आणि शेवटची तऱ्हा शिकण्याला पोषक ठरली. गंमत अशी की तिसरी आणि चौथी तऱ्हा लांबून अगदी सारख्या दिसतात. दोन्हीत एकच जण जास्त बोलत असतो. फरक ऐकायला जवळ जावं लागतं: हाकणारा "असं लिही" म्हणतो, जाणकार "इथे काय येईल?" म्हणतो.

चौदा वर्षांचं मूल आपसूक जाणकारासारखं वागत नाही. ते शिकवावं लागतं. मी आणि वर्गातलं एखादं मूल फळ्यासमोर उभं राहून पाच मिनिटं एक वाक्य मिळून लिहितो, आणि मी मुद्दाम चुकीचं सांगते. मग त्याने मला अडवायचं. शिक्षकाला अडवायची परवानगी मिळाल्यावर वर्ग किती लक्ष देतो, ते करून बघा. त्याच वेळी चार वाक्यं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते: "कशावरून?", "दुसरं काय येऊ शकेल?", "मला पटत नाही, कारण...", "थांब, वाचून बघू." ही चार वाक्यं जर्मनमध्ये पाठ करून घेतली तर उत्तम. बाकीचं बोलणं मातृभाषेत झालं तरी मी अडवत नाही. सुरुवातीला अडवायचे, "फक्त जर्मन!" म्हणून ओरडायचे. मग वर्ग शांत व्हायचा आणि मला वाटायचं शिस्त आली. हाबन-झिंटचा तो वाद दुसऱ्या वर्षाच्या मुलांना जर्मनमध्ये घालता येणं शक्य आहे का? नाही. अडवलं असतं तर वाद झालाच नसता.

जोड्यांकडे परत येते. मी शेजारच्या पातळीची मुलं एकत्र बसवते. यादीत पहिली आणि दुसरी अशी नव्हे, थोडं अंतर ठेवून; पण एक जण जे सांगतोय ते दुसऱ्याला निदान तपासून बघता येईल इतकंच. जिवलग मैत्रिणींची जोडी लगेच बोलायला लागते पण लगेच एकमतही करते. भांडण नको म्हणून चूक सोडून देते. आठवड्याला जोडी बदलत राहू नका. तीन-चार कामं एकाच जोडीदाराबरोबर झाली की मग कुठे "तू चुकतोयस" म्हणायची भीड चेपते. या वयात परक्या भाषेत चुकणं म्हणजे चारचौघांत घसरून पडणं. एका जोडीदारासमोर घसरायला मूल तयार होतं, पाच जणांसमोर नाही. तुमच्या गटातली गप्पा मारणारी मुलं आळशीच होती असं मी म्हणणार नाही. काहींना लपायला जागा हवी होती.

काम कुठलं द्यावं? माझं पहिलं आवडतं काम वर आलंच आहे, त्याला डिक्टोग्लॉस म्हणतात. एक छोटा उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा सुटे शब्द टिपायचे, आणि मग जोडीने तो पुन्हा उभा करायचा. हे श्रुतलेखन नाही. वेग असा ठेवायचा की सगळं लिहून घेणं अशक्य व्हावं. अर्थ सगळ्यांना कळलेला असतो, त्यामुळे 'काय लिहू' हा प्रश्नच उरत नाही आणि सगळी शक्ती 'कसं लिहू' वर लागते. उतारा तुम्हीच लिहा, आणि त्यात तुम्हाला हवी ती अडचण तीन-चार वेळा पेरा. शेवटी मूळ उतारा दाखवायचा आणि जोडीने स्वतःचा त्याच्याशी ताडून बघायचा. तंतोतंत जुळायला हवा असं नाही. वेगळं पण बरोबर असं वाक्य सापडलं तर ते फळ्यावर मानाने लिहा.

दुसरं काम: चार चित्रं, दोन याच्याकडे, दोन तिच्याकडे, एकमेकांना दाखवायची नाहीत, बोलून क्रम लावायचा आणि मग गोष्ट लिहायची. तिसरं: चुकीचं पत्र. मी आधीच्या वर्षीच्या मुलांच्या चुका गोळा करून एक पत्र बनवते, त्याला जोडीने उत्तर द्यायचं आणि उत्तरात निदान तीन गोष्टी त्या पत्राला धरून असायला हव्यात. स्वतंत्र गोष्ट, निबंध वगैरे मोठी कामं मी वर्षाच्या उत्तरार्धात आणते, आणि तीही कल्पना, आराखडा जोडीने, पहिला खर्डा एकेकट्याने, सुधारणा पुन्हा जोडीने अशी फोडून. कल्पना सुचणं ही गोष्ट दोघांत मिळून जमतेच असं नाही, माझ्या वर्गात तरी नाही. कथा दोघांची झाली की मधली, बोथट होते. भाषा दोघांत सुधारते, कथा एकट्याची चांगली होते.

आता एका धोक्याबद्दल, ज्याची उत्साही प्रशिक्षणांत कधी वाच्यता होत नाही. दोघं मिळून चुकीच्या गोष्टीवर एकमत करू शकतात, आणि मिळून केलेली चूक एकट्याच्या चुकीपेक्षा घट्ट बसते, कारण तिला आता साक्षीदार असतो. एका जोडीने लिहिलं होतं, "इश बेकोमऽ आइनन आर्त्स्ट." 'मी डॉक्टर होणार' असं त्यांना म्हणायचं होतं. इंग्रजी 'बिकम'चा हा जुळा दिसणारा शब्द जर्मनमध्ये 'मिळणे' या अर्थाचा आहे, त्यामुळे वाक्य झालं, 'मला एक डॉक्टर मिळतो.' दोघांनी त्यावर एक मिनिट चर्चा केली होती, आणि चर्चा कशावर, तर 'आइन' की 'आइनन' यावर! ते त्यांनी अचूक सोडवलं. क्रियापदाकडे कुणाचं लक्षच नव्हतं, कारण दोघांचीही खात्री होती.

यासाठी मी 'वादाची चिठ्ठी' ठेवते. प्रत्येक जोडी कामाच्या शेवटी तळाशी दोन ओळी लिहिते: आम्ही कुठे अडलो, काय ठरवलं, का ठरवलं. मातृभाषेत चालेल. घरी नेऊन मी आधी चिठ्ठ्या वाचते, उतारा नंतर. पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं त्या चिठ्ठ्यांतल्या दोन-तीन वादांना आणि चिठ्ठीत न आलेल्या एखाद्या खात्रीच्या चुकीला द्यायची, नाव न घेता. माझ्या मते ही दहा मिनिटं टाळली तर आदला तास अर्धा वाया गेला. आदल्या दिवशी ज्या गोष्टीवर भांडलो तिचं उत्तर ऐकायला मूल जसं कान टवकारून बसतं, तसं ते नव्या धड्याला कधीही बसत नाही.

आणि मुलं लिहीत असताना तुम्ही काय करायचं? फिरायचं, ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही. "मॅडम, हे बरोबर आहे का?" याला माझं ठरलेलं उत्तर: "तुम्हा दोघांना काय वाटतं? कशावरून?" पहिले दोन-तीन तास मुलं वैतागतात. मग विचारणं सोडतात. शब्द मात्र मी सांगते. एखादं नाम येत नसेल तर ते सांगून मोकळं व्हावं किंवा शब्दकोश पुढे करावा; जो शब्द दोघांनाही कधी भेटलेलाच नाही तो चर्चेने कसा सापडणार? शब्दसंग्रह वाढवायला हे काम नाही, असलेलं घोटून पक्कं करायला आहे.

ऑनलाइन दस्तऐवजाबद्दल तुमचा अनुभव अगदी प्रातिनिधिक आहे. दोघं एकाच पानावर एकाच वेळी लिहू शकतात ही सोय वाटते, पण दोन कर्सर म्हणजे दोन पेनं. मुलं पहिल्या मिनिटाला वाटणी करतात: वरचा परिच्छेद तुझा, खालचा माझा. दुसऱ्याच्या वाक्याला हात लावणं त्यांना अगोचरपणा वाटतो, मग समोर चूक दिसली तरी सोडून देतात. काम वाटून झालं, मिळून झालं नाही. माझा उपाय साधा आहे: पहिला खर्डा शेजारी बसून, एकाच पडद्यावर नाहीतर कागदावर. दस्तऐवज फक्त सुधारणेसाठी, आणि तिथे अट अशी की प्रत्येकाने जोडीदाराच्या किमान दोन वाक्यांत बदल करायचा आणि बाजूला टिप्पणीत कारण लिहायचं. अट घातली की अगोचरपणाचा प्रश्न मिटतो. मॅडमनीच सांगितलंय ना, मग झालं.

आवृत्त्यांचा इतिहास बघून कुणी किती लिहिलं ते कळतं, त्यावरून गुण द्यावेत असं काही जण सुचवतात. मी नाही देत. टंकणारा आणि विचार करणारा एकच असतो असं थोडंच आहे? त्या इतिहासाचा एक उपयोग खरा: 80 शब्द एका क्षणात पानावर अवतरले असतील तर ते दिसतं. पण पोलिसगिरीत माझा जीव रमत नाही. भाषांतर करणारी यंत्रं 2016 नंतर फार सुधारली, 2022 च्या अखेरीपासून तर मागाल तो निबंध लिहून देणारी साधनं मुलांच्या हातात आली. घरी पाठवलेलं लेखन कुणाचं हे आता ओळखणं कठीण. जोडीने लिहिण्याचा फायदा असा की त्यातला मोलाचा भाग, ती कुजबुज, चिकटवता येत नाही. ती वर्गातच होऊ द्या, माझ्यासमोर, कागद-पेनाने. क्वचित मी उलटा प्रयोग करते: यंत्राने केलेलं भाषांतर छापून देते आणि जोडीला सांगते, यातली दोन वाक्यं आपण शिकलेल्या भाषेत बसतील अशी सोपी करा. त्यातही चांगले वाद होतात.

आता गुण. पालकांची तक्रार मला रास्त वाटते. दुसऱ्याच्या लिहिण्याचे गुण आपल्याला मिळावेत किंवा आपल्या लिहिण्याचे दुसऱ्याला, यात न्याय नाही. पहिली चार-पाच कामं बिनगुणांची ठेवा. त्यानंतर मी 10 पैकी 4 गुण जोडीच्या उताऱ्याला देते, दोघांना सारखे, आणि 6 गुण एकेकट्याच्या छोट्या कामाला. हे छोटं काम दोन-तीन दिवसांनी, दहा मिनिटांचं: त्याच अडचणी असलेली पाच नवी वाक्यं, किंवा तोच प्रसंग दुसऱ्या पात्राच्या तोंडून. ज्याने जोडीत बसून नुसती मान डोलावली तो इथे अडकतो, आणि पुढच्या वेळी आपोआप "का?" विचारू लागतो. ही पद्धत सांगितल्यापासून माझ्याकडे एकही पालक भांडायला आलेला नाही. मुलांनी एकमेकांना गुण द्यायचा प्रयोगही मी एक वर्ष केला. मैत्रिणींनी एकमेकींना पैकीच्या पैकी दिले, एका जोडीने वैर काढलं, आणि एक मुलगा स्वतःहून येऊन म्हणाला, "माझ्या जोडीदाराने काही केलं नाही, पण मी तसं लिहिलं तर तो माझ्याशी बोलणार नाही." त्या दिवशी तो प्रयोग बंद.

लांबीला गुण देऊ नका. स्टॉर्च यांनी 2005 च्या एका लहान अभ्यासात पाहिलं की जोडीने लिहिलेले मजकूर एकट्याने लिहिलेल्यांपेक्षा आखूड होते, पण अधिक शुद्ध आणि अधिक गुंतागुंतीच्या वाक्यांचे. पुढे 2009 मध्ये जिलियन विगल्सवर्थ यांच्यासह त्यांनी 48 जोड्या आणि 48 एकटे लिहिणारे असा मोठा पट घेतला, तेव्हाही जोड्यांची शुद्धता सरस ठरली. लांबीत आणि वाक्यांच्या गुंतागुंतीत मात्र फरक दिसला नाही. ते विद्यार्थी प्रौढ होते, आपली मुलं तेरा-चौदाची, पण शुद्धतेबाबत माझ्या वह्या हेच सांगतात. वेळ जास्त जातो, मजकूर कमी येतो. मुख्याध्यापकांनी वही उघडून "एवढंच?" म्हटलं तर वादाच्या चिठ्ठ्या दाखवा.

एक गोष्ट राहिली. काही मुलांना हे मनापासून नको असतं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, लेखी उत्तम, जोडीत बसवलं की ओठ शिवलेले. मी तिला बोलकं करायचा चंगच बांधला, सगळ्यात बडबड्या मुलाशेजारी बसवलं, आणि तिसऱ्या आठवड्यात ती त्या तासाला आजारी पडू लागली. चूक माझी होती. नंतर तिला सांगितलं, तू पहिला खर्डा एकटी लिही, मग शेजारच्या जोडीच्या खर्ड्याशी तुझा ताडून बघ आणि फरक त्यांना दाखव. फरक दाखवताना ती बोलायची. आधी बोट ठेवून, मग एकेक शब्द, सहामाहीनंतर व्यवस्थित हुज्जत घालायची. दर वर्गात अशी दोन-तीन मुलं निघतात. त्यांना जोडीत कोंबायची घाई करू नका.

तुमच्या 38 जणांच्या 19 जोड्या होतात. उद्याच मोठं काही काढू नका. पाच वाक्यांचा एक उतारा लिहा, आधी स्वतः मोठ्याने वाचून बघा, एका मिनिटात संपला पाहिजे. त्यात भूतकाळाची चार क्रियापदं घाला, दोन हाबनची, दोन झाइनची, आणि त्यांतलं एक नाचण्याचं असू द्या. एक जण गैरहजर असेल तर तिघांचा एक गट होईल. तिघांत पेन सगळ्यात कमी बोलणाऱ्याच्या हातात द्या. वर्गात गलका होईल, शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावेल. दार लावून घ्या आणि शेवटच्या बाकामागे जाऊन उभ्या राहा.